फूल की दोन पाने?

श्रोतेहो, गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवाला कौल लावण्याची चाल आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सोयरीक जुळवायची असो, की भावाभावांतला तंटा मिटवायचा असो, मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि मंडळी टक लावून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोमवार, दिनांक १६ जानेवारी १९६७ रोजी सबंध गोव्याने असाच एक कौल लावला. फरक इतकाच, की या खेपेस पाकळी देव सोडणार नव्हता. मतदारयादीत नाव असलेली ३,८८,४३२ माणसे सोडणार होती. गाऱ्हाणे एकच होते: गोव्याने महाराष्ट्रात सामील व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळेच राहावे?

त्या कौलाची हकीगत आज सांगायची आहे. पण नुसती हकीगत सांगून भागणार नाही. कोणी किती मते दिली, कोण घरी बसले, आणि त्या आकड्यांतून गावातल्या माणसाच्या मनाचा काही थांग लागतो का, हेही बघायचे आहे. शिक्षक मंडळी ऐकत असतील त्यांनी खडू-पाटी जवळ ठेवावी. थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागणार आहे.

आधी गोव्याची जमीन समजून घेऊ. नकाशावर गोवा एवढासा दिसतो, पण पोर्तुगीज राजवट तिथे दोन हप्त्यांत आली. तिसवाडी १५१० मध्ये त्यांच्या हाती पडली, बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग त्यांना मिळाला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. या नव्या काबिजादी. मध्ये गेली दोनशेहून अधिक वर्षे! पहिल्या भागात देवळे पाडली गेली, मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले. सासष्टीतले देव लोकांनी रातोरात नदीपार नेले, आणि म्हणून मंगेशी काय, शांतादुर्गा काय, ही मोठी देवस्थाने आपल्याला फोंड्यात सापडतात. दुसरा भाग आला तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. तिथली देवळे राहिली, भजने राहिली, दशावतार आणि मराठी पोथ्या राहिल्या.

म्हणजे एकाच गोव्यात शेजारी शेजारी दोन गोवे नांदत होते. १९६०-६१ च्या सुमारास पाच गोवेकरांत तीन हिंदू आणि जवळजवळ दोन ख्रिस्ती होते. घरात बहुतेक सगळ्यांची बोली कोंकणी. हिंदूंची लिहिण्याची, पूजेची, नाटकाची भाषा मराठी. ख्रिस्त्यांतल्या शिकलेल्यांची पोर्तुगीज किंवा इंग्रजी. आणि या दोन्ही समाजांना आडवी कापणारी तिसरी रेघ होती, ती भाटकार आणि मुंडकार यांची. भाट म्हणजे माडापोफळीची बागायत. तिचा मालक तो भाटकार, आणि त्याच्या जमिनीवर खोपट बांधून त्याच्या मर्जीवर राहणारा तो मुंडकार. मालक हिंदू असो वा ख्रिस्ती, मुंडकाराची मान सारखीच वाकलेली. ही तिसरी रेघ ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मतदान गोव्याला अगदीच नवे होते असे मात्र नाही. लिस्बनच्या पार्लमेंटासाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले ते १८२२ साली. बेर्नार्द पेरिस द सिल्व हे त्यांतले एक. पण ते मत होते मूठभरांचे. लिहितावाचता येणारा, कर भरणारा, असाच माणूस मतदार. निवडणुका म्हणजे चार बड्या घराण्यांची लढाई, आणि तीही कधी कधी रक्तपातावर जाई. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. सालाझारच्या अमदानीत तर त्या मूठभर मतालाही अर्थ उरला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा नांगर धरणाऱ्याने, मासळी विकणारीने, माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराने मतपत्रिका कधी हातात धरलेली नव्हती.

विधानसभेसाठी ती त्यांच्या हाती आली ९ डिसेंबर १९६३ रोजी. पहिली विधानसभा निवडायची होती. मैदानात दोन मुख्य पक्ष उतरले. दयानंद बांदोडकर, म्हणजे लोकांचे भाऊसाहेब, यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. लोक थोडक्यात ‘मगो’ म्हणत; निशाणी सिंह. हा विलीनीकरणवादी. दुसरा डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, हा वेगळ्या गोव्याचा कैवारी. दिल्लीत राज्य करणाऱ्या काँग्रेसला वाटले होते, की मुक्ती आपल्या सरकारने दिली, तेव्हा मते आपलीच. प्रत्यक्षात गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एक जागा मिळाली नाही! सर्वांत जास्त जागा मगोने घेतल्या, युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या, आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले.

इथेच वादाची ठिणगी पडली. मगोवाले म्हणू लागले, “आम्ही विलीनीकरणाच्या नावावर मते मागितली, लोकांनी दिली. झाला कौल. आता विधानसभेत ठराव करायचा आणि महाराष्ट्रात जायचे.” महाराष्ट्रातही हवा अनुकूल होती. १ मे १९६० ला राज्य झालेले, संयुक्त महाराष्ट्राचा जोश ताजा, बेळगावची सल मनात, आणि गोवा तर आपलाच या समजुतीने सगळे चाललेले. सिक्वेरा उलट म्हणत, “सरकार निवडणे वेगळे आणि गाव मोडून दुसऱ्या गावात घालणे वेगळे. हा प्रश्न आमदारांनी सोडवायचा नाही, प्रत्येक माणसाला विचारून सोडवायचा.” पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण काही वर्षे राखण्याचे आश्वासन दिलेले होते. नेहरू गेले, शास्त्रीजी गेले, आणि निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारवर येऊन पडला. काँग्रेसचे गोव्यातले पुढारी पुरुषोत्तम काकोडकर हेही लोकांनाच विचारा म्हणून दिल्लीत खेटे घालत होते. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने खास कायदा केला आणि जनमत कौल ठरला. दमण आणि दीव येथील लोकांना गुजरातबद्दल असाच प्रश्न विचारायचा होता. त्यांनीही पुढे वेगळे राहणेच पसंत केले, पण तो आपला आजचा विषय नाही.

कौलाच्या वेळी सत्ता मगोच्या हाती असली तर मतदान मोकळे कसे होणार, असा विरोधकांचा आक्षेप होता. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. स्वतःची खुर्ची सोडून लोकांपुढे उभे राहण्याची ही तयारी, पुढे निकाल काही लागो, भाऊसाहेबांच्या नावावर जमा केली पाहिजे. विरोधकांची दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले गोवेकर, धोबीतलावच्या कुडींतून राहणारे तारवटी आणि आचारी, यांनाही मत असावे असे ते म्हणत होते. मत मिळाले ते गोव्यातल्या यादीत नाव होते त्यांनाच.

मतपत्रिकेवर पक्षांच्या निशाण्या नव्हत्या. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. शंभरात जेमतेम तीस माणसांना अक्षरओळख होती, तेव्हा सगळा प्रचार या फुलापानांवर चालला. महाराष्ट्रातून पुढारी आले, शाहीर आले, पोवाडे झाले. दुसऱ्या बाजूने उल्हास बुयांव यांच्या आवाजातली कोंकणी गाणी गावोगाव पोचली. ‘गोमन्तक’ दैनिक फुलाच्या बाजूने लिही. दोन पानांच्या बाजूने मडगावचे ‘राष्ट्रमत’ उभे होते, चंद्रकांत केणी त्याचे संपादक. उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ नावाचे सदर लिहीत आणि ते हातोहात वाचले जाई. यातली गंमत बघा: ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक! महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्यातल्या हिंदू वाचकाला पटवायचे तर मराठीतूनच पटवावे लागत होते. आणि पटतही होते. ज्या मडगावात १९६४ साली कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, ते मडगाव ज्या सासष्टीत आहे तिने दोन पानांना भरभरून मते दिली. मराठीवर प्रेम आणि महाराष्ट्रात विलीन होणे या दोन गोष्टी एकच आहेत असे मुंबई-पुण्यात बसून वाटत होते. गोव्यात तसे नव्हते.

भीती काय होती? मोठमोठे शब्द बाजूला ठेवले तर पोटाची होती. पणजी राजधानी आहे ती जिल्ह्याचे ठाणे होईल, नोकऱ्या बाहेरच्यांच्या हाती जातील, लहानसहान कामाला मुंबई गाठावी लागेल. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. रेंदेराला वाटे, आपल्या माडाचे काय होणार? समोरच्या बाजूलाही भीती होती, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मुंडकाराला आणि बहुजन समाजातल्या कुळाला वाटे, की वेगळा गोवा म्हणजे पुन्हा भाटकारांचा गोवा. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात गेलो तर यांच्या मुठीतून सुटू.

आणि मग तो सोमवार उजाडला. ३,८८,४३२ पैकी ३,१७,६३३ मतदारांनी मत दिले. म्हणजे दर शेकडा जवळजवळ ८२. याच वर्षी लोकसभेची जी निवडणूक झाली तीत देशभराचे प्रमाण शेकडा ६१ च्या आसपास होते, त्यावरून कल्पना करा. मोजणी पणजीत, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत झाली. सुरुवातीला फुलाचे पारडे जड होते. मग सासष्टीसारख्या जुन्या काबिजादींतल्या पेट्यांचे आकडे येत गेले आणि पारडे फिरले. फुलाला १,३८,१७०. दोन पानांना १,७२,१९१. बाद मते ७,२७२. फरक ३४,०२१.

आता घ्या पाटी.

शंभर मतदार धरा. त्यांतले साधारण १८ मतदानाला गेलेच नाहीत. २ मते बाद झाली. ४४ दोन पानांना पडली आणि ३६ फुलाला. सोपे आहे. आता त्या काळी आणि नंतरही अनेकांनी जे सांगितले ते तपासून पाहू: हिंदू सगळे फुलाकडे, ख्रिस्ती सगळे पानांकडे, निकाल म्हणजे दुसरे काही नाही. लोकसंख्येत हिंदू पाचांत तीन. मतदारयादीतही तेच प्रमाण धरू, म्हणजे शंभरात ६०. घरी बसलेले अठराच्या अठरा हिंदूच होते असे समजू. बाद झालेली दोन्ही मतेही हिंदूंचीच होती असे समजू. तरी उरतात ४०. फुलाला पडली ३६. हे उरलेले चार कुठे गेले? आणि ही झाली ओढूनताणून मांडलेली बाजू. खरोखरी घरी बसणारे दोन्ही समाजांत असणारच. मतदान दोन्हींत सारखे झाले असे धरले, तर ढोबळमानाने दर चार हिंदूंतल्या एकाने दोन पानांवर शिक्का मारला असला पाहिजे. एखाद्या ख्रिस्ती मतदाराने फूल पसंत केले असेल तर त्या पानवाल्या हिंदूंची संख्या आणखी वाढते. कसेही मांडा, धर्माच्या एका काठीने हा निकाल हाकता येत नाही.

काबिजादींची ती जुनी रेघ दिसते, यात शंका नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी इकडे फूल फुलले. सासष्टीत दोन पाने. अठराव्या शतकात ओढलेली रेघ विसाव्या शतकातल्या मतपेटीत उमटली म्हणा ना! पण तराजूचा काटा हलवला तो रेघेच्या आरपार मत देणाऱ्यांनी.

दुसरा हिशेब घरी बसलेल्यांचा. किती होते ते? ७०,७९९. आणि फरक किती? ३४,०२१. म्हणजे जे आले नाहीत ते फरकाच्या दुप्पट होते. शेकडा ८२ मतदान झाले म्हणून आपण कौतुक करतो, आणि करावेच. पण ते उरलेले अठरा मनात आणते तर निकाल कोणत्याही बाजूला नेऊ शकत होते. उलट बाजूने बघा. दोन पानांवाल्यांपैकी १७,०११ माणसांनी फूल निवडले असते तर गोवा महाराष्ट्रात गेला असता. गोव्याच्या भूमीवर विधानसभेचे मतदारसंघ २८. म्हणजे मतदारसंघागणिक सहाशेच्या आसपास माणसे. एका मोठ्या जत्रेत याहून जास्त गर्दी असते.

एवढे लोक बाहेर का पडले, याचे एक कारण भावनेत आहे, ते सगळे सांगतात. दुसरे कारण मतमोजणीच्या रीतीत आहे, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. नेहमीच्या निवडणुकीत मत मतदारसंघापुरते असते. सासष्टीतल्या एखाद्या गावात युनायटेड गोवन्सचा माणूस येणारच हे ठरलेले असले, की त्याचा मतदार म्हणतो, माझ्या एका मताने काय होणार? आणि विरोधी मतदारही तेच म्हणतो. दोघेही घरी. जनमत कौलात मात्र सगळ्या गोव्याची मते एका राशीत ओतायची होती. आपल्या गावात आपली बाजू दहास एक असली तरी त्या एकाचे मत पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या राशीत जाऊन पडत होते. सासष्टीतल्या फुलवाल्याला जाण्याचे कारण होते आणि सत्तरीतल्या पानवाल्यालाही.

आता या गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग. कौल झाला, विलीनीकरण हरले. मुंबईतल्या काहींना वाटले, बांदोडकर संपले. ७१ दिवसांनी, २८ मार्च १९६७ रोजी, गोव्यात पुन्हा विधानसभेची निवडणूक झाली. मतदार तेच, पुढारी तेच. निकाल? मगोला १६ जागा आणि युनायटेड गोवन्सला १२. बारा! १९६३ मध्येही बारा, कौल जिंकल्यावरही बाराच. सिक्वेरांच्या पक्षात दरम्यान फूट पडली होती हे खरे, पण फुटून निघालेल्या गटाला एकही जागा मिळाली नाही. ज्या माणसाचे म्हणणे जानेवारीत नाकारले, त्यालाच गोव्याने मार्चमध्ये मुख्यमंत्री केले.

हा मतदारांचा घोटाळा होता का? मला तसे वाटत नाही. ती तिसरी रेघ आठवा, भाटकार-मुंडकारांची. बांदोडकरांच्या पहिल्या सरकारने १९६४ साली कुळकायदा केला. खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्यांची मुले शाळेत बसू लागली. भाऊसाहेब स्वतः बहुजन समाजातले. लोकांनी त्यांना मत दिले ते या कामासाठी आणि आपल्यातला माणूस म्हणून. त्या मताचा अर्थ पुढाऱ्यांनी विलीनीकरण असा लावला. मतदाराला १९६३ साली प्रश्न दोन होते आणि शिक्का एकच. १९६७ साली त्याला दोन प्रश्न दोन वेगळ्या दिवशी विचारले गेले आणि त्याने दोन वेगळी उत्तरे दिली. घर वेगळे राहू दे. पण घराचा कारभार भाटकाराकडे नको, भाऊंकडे असू दे. अक्षरशत्रू म्हणून ज्यांची कीव केली जात होती त्या माणसांनी केलेला हा विवेक आहे. त्या वेळच्या भल्याभल्या संपादकांना तो आधी दिसला नव्हता.

५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जो केंद्रशासित प्रदेश मोडावा म्हणून ते झगडले त्याचाच कारभार त्यांनी १२ ऑगस्ट १९७३ ला निधन होईपर्यंत चालवला. विरोधी बाकांवरून सिक्वेरा बोलत राहिले.

त्या मतपत्रिकेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्यावर फूल होते, दोन पाने होती. तिसरी निशाणी नव्हती. गोव्याचे स्वतःचे राज्य, ही वाट मतदाराला दाखवलेलीच नव्हती. कोंकणी की मराठी, हाही प्रश्न तिच्यावर छापलेला नव्हता, जरी सगळ्या सभांतून भांडण त्यावरच चालले होते. भाषेचा कायदा झाला ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, कोंकणीला राजभाषा करून आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवून, आणि तोही मोठ्या चळवळीनंतर. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाला. दमण आणि दीव त्या दिवशी त्याच्यापासून वेगळे झाले. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळतात. पेडण्या-डिचोलीकडची काही म्हातारी माणसे मात्र त्या दिवसाचा विषय निघाला, की आपण फुलावर शिक्का मारला होता हे अजून ताठ मानेने सांगतात.